ब्रेक तीन डब्यांना, गाडी एकोणीस डब्यांची

१२ डिसेंबर १९१७ च्या रात्री फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात, मोरियेनच्या खोऱ्यात, रजेवर घरी निघालेल्या सैनिकांची एक गाडी घाट उतरताना हाताबाहेर गेली. सँ मिशेल द मोरियेन हे स्टेशन सव्वा किलोमीटरवर असताना ती रुळांवरून उतरली आणि पेटली. मृतांचा आकडा ६७५ ते ७०० च्या घरात धरला जातो. फ्रान्सच्या रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही.

हे प्रकरण मांडायला घेण्याचं कारण आकडा नाही. गाडी सुटण्याआधी, ती फलाटावर उभी असतानाच, ती सुटू नये असं सांगणारा माणूस तिथे हजर होता. इंजिन त्याच्याच हातात होतं आणि घाटही त्याच्या माहितीचा होता. तरीही गाडी निघाली. हे कसं झालं ते नीट बघायचं आहे. त्यात गुंतलेल्या माणसांना मी इथे पदांनीच ओळखणार आहे: चालक, वाहतूक अधिकारी, स्टेशन मास्तर. नावं घेतली की एकावर खापर फोडून मोकळं होणं फार सोपं जातं.

पार्श्वभूमी

इटली आणि फ्रान्स यांना जोडणारा रेल्वेमार्ग आल्प्सच्या पोटातून जातो. १८७१ साली खुला झालेला फ्रेजूसचा बोगदा ओलांडला की फ्रान्सच्या बाजूला पहिलं मोठं स्टेशन लागतं ते मोदान. तिथून मार्ग आर्क नदीच्या कडेकडेने खाली उतरतो. मोदान ते सँ मिशेल हे अंतर सुमारे १६-१७ किलोमीटर आणि उंचीतला फरक सुमारे साडेतीनशे मीटर. उतार काही ठिकाणी हजार मीटरला तीस मीटर किंवा त्याहून थोडा जास्त.

आपल्याकडे कर्जत-लोणावळा घाटात फिरलेल्या माणसाला हा आकडा लगेच कळेल. बोर घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे हजाराला सत्तावीस. मोरियेनचा उतार आपल्या घाटापेक्षा किंचित तीव्रच.

आता काळ. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोच्या लढाईत इटलीची आघाडी कोसळली. तिला टेकू द्यायला फ्रान्स आणि ब्रिटनने घाईघाईने सैन्य पाठवलं, ते याच मार्गाने. एकेरी-दुहेरी रुळांच्या एका डोंगरी मार्गावरून दारूगोळा, तोफा, घोडे, धान्य, जखमी आणि रजेवरचे सैनिक असं सगळं एकदम ये-जा करू लागलं. इंजिनं कमी, माणसं थकलेली.

रजेचा प्रश्न त्या वर्षी साधा नव्हता. १९१७ च्या वसंतात फ्रेंच सैन्यात मोठी बंडाळी झाली होती. निष्फळ हल्ल्यांचा संताप हे तिचं मुख्य कारण, पण महिनोन्महिने रजा न मिळणं ही त्यातली कायमची तक्रार. जनरल पेताँ यांनी सूत्रं हातात घेतल्यावर आधी जेवण आणि रजा यांतच सुधारणा केली. त्यामुळे रजेची गाडी वेळेवर सोडणं ही डिसेंबर १९१७ मध्ये केवळ वेळापत्रकाची बाब उरली नव्हती. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. त्या रात्री अधिकाऱ्याच्या मनात नेमकं हेच होतं असं मी म्हणणार नाही, पण तो ज्या वातावरणात काम करत होता ते असं होतं.

गाडीत सुमारे हजार सैनिक होते. महिनाभर इटलीच्या थंडीत काढलेले, नाताळाच्या आधी घरी पोचायच्या ओढीने निघालेले.

अडचण

गाडी १९ डब्यांची. लांबी सुमारे ३५० मीटर. वजन ५२६ टन. पुढे एकच वाफेचं इंजिन.

त्या इंजिनाला या उतारावर किती वजन झेपतं, म्हणजे किती वजन ते ताब्यात ठेवून खाली आणू शकतं, याची मर्यादा ठरलेली होती: १४४ टन. गाडीचं वजन त्याच्या साडेतीन पटींहून जास्त होतं.

वजन जास्त असलं तरी प्रत्येक डब्याला ब्रेक असता तर गोष्ट वेगळी झाली असती. इथेच दुसरी अडचण होती. १९ पैकी पहिल्या तीनच डब्यांना हवेचा ब्रेक चालू होता. बाकीच्यांत काहींना हातब्रेक, काहींना काहीच नाही. हातब्रेक म्हणजे डब्यात एक माणूस बसलेला, त्याच्यासमोर एक चाक किंवा दांडा. इंजिनाच्या शिट्टीचा इशारा ऐकायचा आणि चाक गच्च आवळायचं. रात्री, बंद डब्यात, थंडीत, हजार माणसांच्या गलक्यात ती शिट्टी ऐकू यायला हवी आणि गाडीभर विखुरलेल्या मोजक्या माणसांनी ती एकाच वेळी ऐकायला हवी.

हवेचा ब्रेक का महत्त्वाचा, ते थोडं थांबून बघू. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७० च्या दशकात आणलेल्या स्वयंचलित ब्रेकची खुबी अशी की गाडीभर फिरणाऱ्या नळीत हवेचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. डबे एकमेकांना जोडणारं कपलिंग तुटलं, नळी फाटली, तरी डबे स्वतःहून थांबतात. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूने होतो. पण त्यासाठी नळी शेवटच्या डब्यापर्यंत जायला हवी. ती तिसऱ्या डब्याशीच संपत असेल तर मागच्या सोळा डब्यांच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच.

माझे मामा घाटात मालगाड्यांवर गार्ड होते. ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डच्या डब्यातल्या, त्या दाबमापकाच्या काट्याकडे ते कसे बघत, हे मी लहानपणी एकदाच पाहिलं आहे. हात हातब्रेकच्या चाकावर, नजर काट्यावर, आणि मी काही विचारलं तर उत्तर नाही. घाट उतरून गाडी कर्जतच्या यार्डात थांबल्यावर ते म्हणाले, "चढायला इंजिन लागतं रे. उतरायला ब्रेक." शेवटच्या डब्यातल्या माणसाला दाब दिसतो म्हणजे नळी अखंड आहे. मोदानहून निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात असं बघण्यासारखं काही नव्हतं.

आता उष्णतेचा हिशेब. उतारावर गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर खाली येताना मोकळी होणारी सगळी शक्ती चाकांवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांत जिरवावी लागते. ५२६ टन साडेतीनशे मीटर खाली आणायचे, तर निघणारी उष्णता सुमारे सातशे लिटर थंड पाण्याची पूर्ण वाफ करायला पुरेल इतकी होते. ही उष्णता १९ डब्यांच्या चाकांवर विभागली गेली तर निभावते. तीन डबे आणि इंजिन यांच्यावरच पडली तर ठोकळे लाल होतात.

आणि लोखंडी ठोकळ्याचा स्वभाव वाईट. १८७८ साली इंग्लंडमध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी वेस्टिंगहाउससोबत प्रयोग करून दाखवलं होतं की चाक जितकं वेगाने फिरतं, तितकी ओतीव लोखंडाच्या ठोकळ्याची पकड कमी होते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा. घाटात गाडी पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ताब्यात राहिली तर राहिली. एकदा वेग चढला की पुढे केलेल्या प्रत्येक प्रयत्नाचं फळ कमी कमी होत जातं. हे १९१७ मध्ये नवीन ज्ञान नव्हतं. चाळीस वर्षं जुनं होतं.

फलाटावरचे पर्याय

मोदानला गाडी थांबून होती. म्हणजे विचार करायला वेळ मिळाला. तेव्हा समोर काय काय होतं?

पहिला पर्याय, आणि चालकाने मागितलेलाही तोच: दुसरं इंजिन. दोन इंजिनं म्हणजे दोन इंजिनांचे ब्रेक, दोन जोड्या अनुभवी हात. पण स्टेशनात असलेलं दुसरं इंजिन दारूगोळ्याच्या गाडीसाठी राखून ठेवलेलं होतं. आघाडीवर जाणारा दारूगोळा आणि घरी जाणारे सैनिक यांत सैन्य कोणाला आधी इंजिन देणार, हे सांगायला नको.

दुसरा पर्याय गाडी तोडून दोन-चार फेऱ्यांत खाली नेण्याचा. इंजिन तेच. मात्र प्रत्येक फेरीला मार्ग अडणार, आणि मार्गावर तर गाड्यांची रांग लागलेली.

तिसरा, थांबण्याचा. सकाळपर्यंत, किंवा दारूगोळ्याच्या गाडीचं इंजिन परत येईपर्यंत. हजार माणसं थंडीत, फलाटावर किंवा डब्यात, आणि त्यांना उत्तर देणारं कोणी हवं. उपलब्ध वृत्तांतांनुसार बहुतेक अधिकारी मोदानलाच उतरून पॅरिसच्या जलद गाडीने पुढे गेले होते. सैनिकांना थोपवून धरू शकेल असा अधिकार गाडीत फारसा उरला नव्हता.

चौथा पर्याय म्हणजे आहे तसंच निघायचं. हातब्रेकवाल्यांवर भिस्त ठेवायची, सावकाश उतरायचं.

कागदावर बघितलं तर चौथा पर्याय उघडउघड चुकीचा दिसतो. पण अशा वेळी फलाटावर चारही पर्याय एकाच तराजूत पडत नाहीत, हे समजून घ्यायला हवं. पहिल्या तीन पर्यायांची किंमत ताबडतोब दिसते: कोणाशी तरी भांडावं लागेल, कोणाला तरी फोन करावा लागेल, वेळापत्रक कोलमडेल, आणि त्याखाली आपलं नाव असेल. चौथ्याची किंमत दिसत नाही. गाडी नेहमीसारखी उतरली तर कोणाला काही कळणारही नाही. आणि त्या महिन्यांत ओव्हरलोड गाड्या रोजच चालल्या असतील तर "काल उतरली, आज का नाही" हा युक्तिवाद अधिकाऱ्याला पटणारच.

निर्णय

चालकाने नकार दिला. कारण सांगून दिला: ब्रेक पुरेसे नाहीत, वजन जास्त आहे.

वाहतूक अधिकाऱ्याने त्याला हुकूम दिला आणि न पाळल्यास लष्करी शिक्षेची धमकी दिली. इथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट आहे. युद्धकाळात रेल्वे लष्कराच्या ताब्यात होती आणि चालक स्वतः लष्करी हुद्द्याखाली होता. शांततेच्या काळात चालक आणि अधिकारी यांच्यातला हा वाद रेल्वेच्या नियमपुस्तकापुढे गेला असता आणि १४४ टन हा आकडा पुढे आला असता. त्या रात्री तो वाद हुद्द्याचा झाला. वरिष्ठाने कनिष्ठाला हुकूम दिला. आकडा बाजूला पडला.

चालकाला वाकवणारा अधिकारी एवढं बोलून पुढे जाणं मला पटत नाही. अधिकाऱ्याला जाब विचारणारे वर बसले होते, आणि त्यांनी विचारलं असतं ते गाडी किती वाजता सुटली याबद्दल, ती कशी उतरली याबद्दल नाही. चूक त्याची आहेच. पण ती करायला त्याला भाग पाडणारी रचनाही तितकीच ठळक आहे: नकार ऐकून घेणारा आणि त्यावर निर्णय देऊ शकणारा, त्या दोघांच्या बाहेरचा तिसरा माणूस फलाटावर नव्हता.

(अशा नकाराची मोडतोड फक्त युद्धातच होते असं नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढ चढता चढता अडली, तिचा मागचा भाग सोडून दिला आणि तो उलटा घरंगळला. सुमारे ८० जण गेले. तिथेही निघण्याआधी चालकाने इतक्या डब्यांबद्दल तक्रार केली होती आणि ती झिडकारली गेली. त्यानंतर त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना अखंड स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला. मोदानच्या २८ वर्षं आधी.)

उतार

रात्री अकराच्या सुमारास गाडी निघाली. चालक सुरुवातीला अगदी सावकाश चालत होता. या मार्गावर वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर.

मग वेग वाढू लागला. चालकाने ब्रेक लावले. हातब्रेकवाल्यांनीही जमेल तसे आवळले असतील. पण हजाराला तीसच्या उतारावर प्रत्येक टन वजन साधारण तीस किलोच्या जोराने खाली ओढतं. ५२६ टनांचं हे ओढणं जवळजवळ सोळा टनांचं होतं. चाकांच्या नेहमीच्या घर्षणाने त्यातला थोडा भाग खाल्ला तरी बाकीचा सगळा ब्रेकनेच धरायचा. तो धरला गेला नाही.

वाटेतल्या ला प्रा स्टेशनातून गाडी अशी गेली की तिथल्या स्टेशन मास्तरला पाहताक्षणी कळलं: ही गाडी ताब्यात नाही. त्याने खाली कळवलं. सँ मिशेलच्याही खाली असलेल्या सँ जाँ द मोरियेन स्टेशनात ब्रिटिश सैनिकांनी भरलेली एक गाडी वर मोदानकडे निघायच्या बेतात होती. ती थोपवून धरली गेली.

या संपूर्ण प्रकरणात हा एकच निर्णय असा आहे की जो वेळेत झाला, ज्याच्या हातात होता त्याने घेतला, आणि ज्याला कोणी अडवलं नाही. त्याला परवानगी मागावी लागली नाही. निरोप देणं आणि गाडी रोखणं हे स्टेशन मास्तरचं रोजचं काम, त्याच्या हुद्द्यातच बसणारं. एकाच रात्री, एकाच मार्गावर एका माणसाचा निर्णय ऐकला गेला आणि दुसऱ्याचा नाही. दोघांनाही धोका तितकाच स्पष्ट दिसत होता. एकाला अधिकार होता, दुसऱ्याला नव्हता.

डब्यांत काय चाललं असेल? दिवे पुरेसे नव्हते म्हणून सैनिकांनी मेणबत्त्या लावलेल्या. डबे लाकडी. ब्रेक तापून चाकांखालून ठिणग्या आणि ज्वाळा दिसू लागल्या तेव्हा आतल्या माणसांना कळलं असणार. नंतर ला प्राच्या आसपास आणि रुळांच्या कडेने ३७ मृतदेह सापडले; काही फेकले गेले, काहींनी उड्या मारल्या.

इंजिनावरच्या वेगनोंदीच्या पट्टीवर शेवटचा आकडा ताशी १३५ किलोमीटर निघाला. ठरलेल्या वेगाच्या सव्वातीन पटींहून जास्त. पण आदळण्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो अकरा पटींहून जास्त.

पुलापाशी

आर्क नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून पुढच्या वळणात कपलिंग तुटलं. पहिला डबा रुळांवरून उतरला आणि मागचे त्याच्यावर चढत गेले. खोरं तिथे अरुंद आहे, एका बाजूला भिंत. लाकडी डबे एकमेकांत घुसून त्यांचा एक ढीग झाला, आणि पेटला. मेणबत्त्या होत्या, तापलेले ब्रेक होते. सैनिकांच्या सामानात लपवून आणलेले हातबॉम्ब आणि दारूगोळाही होता, त्यांचे स्फोट होत राहिले. आग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत धुमसत होती.

इंजिन मात्र पुढे निघून गेलं होतं. चालक ब्रेकशी झगडण्यात इतका गुंतलेला होता की मागे गाडी उरली नाही हे त्याला आधी कळलंच नाही. पुढे थांबल्यावर मदतीला रेल्वेची माणसं आणि सँ जाँमध्ये रोखलेल्या गाडीतले ब्रिटिश सैनिक आले. म्हणजे ज्यांचा जीव त्या स्टेशन मास्तरच्या निरोपाने वाचला, तेच वाचवायला पोचले.

आगीपुढे कोणाचं काही चाललं नाही. जवळच्या पास्त्याच्या कारखान्यात जखमींची आणि मृतांची सोय करावी लागली. ४२४ जणांची ओळख पटली. १३५ जणांची पटू शकली नाही. शंभरावर माणसं पुढच्या दिवसांत रुग्णालयांत किंवा तिथे नेताना वाटेत गेली.

१३ डिसेंबरच्या सकाळी हजेरी घेतली तेव्हा १८३ जणांनी ओ दिली.

नंतर

युद्ध चालू होतं, बातमीवर लष्कराची पकड होती. वर्तमानपत्रांत काही दिवसांनी त्रोटक मजकूर आला, इतकंच. पुढे लष्करी न्यायालयात रेल्वेच्या सहा कर्मचाऱ्यांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. जून १९२३ मध्ये सँ मिशेलला स्मारक उभं राहिलं. त्याच्या अनावरणाला युद्धमंत्री आंद्रे माजिनो आले होते. १९६१ साली तिथले अवशेष लियोंजवळच्या ला दुआच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवण्यात आले.

खटला सहा कर्मचाऱ्यांवर का, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो. गाडी हाकणाऱ्याला आरोपी करणं सोपं असतं, कारण शेवटचा दांडा त्याच्याच हातात असतो. ते सुटले हे बरं झालं. पण ते सुटल्यावर प्रश्न मिटला असं धरलं गेलं, हे बरं झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक गोष्ट अगदी साधी होती. १४४ हा आकडा चालकाच्या तोंडी राहायला नको होता, कागदावर यायला हवा होता. निघण्याआधी गाडीचं वजन, ब्रेक चालू असलेले डबे आणि इंजिनाची मर्यादा हे एका कागदावर लिहून त्यावर अधिकाऱ्याची सही घ्यायची. चालकाचा नकार ही आज्ञाभंगाची बाब ठरते, पण "५२६ टन, मर्यादा १४४" या ओळीखाली सही करताना बहुतेकांचा हात थबकतो. आज भारतीय रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असतं. ते नसेल तर गाडी निघत नाही, आणि किती टक्के ब्रेक चालू आहेत हे त्यात लिहिलेलं असतं. चालक आणि गार्ड दोघांनी मिळून नळी शेवटपर्यंत अखंड असल्याची खात्री करायची असते. नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असण्याचं हेच कारण.

आपल्या घाटातली दुसरी व्यवस्था मला त्याहून मोठी वाटते. बोर घाट उतरताना गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते. डब्यातली माणसं वैतागतात. समोर ना स्टेशन, ना चहा, नुसती दरी आणि माकडं. मीही वैतागायचो. खरं कारण असं की तिथे सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, मुळातच बाजूच्या चढत्या कॅच सायडिंगकडे लावलेले असतात. गाडी पूर्ण थांबली, म्हणजे ती चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवतात. जी थांबली नाही ती सायडिंगवर चढते आणि तिचा वेग तिथे मरतो. इथे चालकाला कोणाला नकार द्यावा लागत नाही, आणि अधिकाऱ्याला हुकूम देऊन सांधा हलवता येत नाही. गाडी पास होईपर्यंत नापास धरलेली असते. मोदानच्या खाली पाच किलोमीटरवर अशी एक सायडिंग असती तर गाडी वेग चढायच्या आतच तिच्यात गेली असती. डबे मोडले असते, माणसं जखमी झाली असती, पण पुलापर्यंत ती पोचली नसती.

घाट चढताना कर्जतला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, तेव्हा डब्याला तो ओळखीचा हलका धक्का बसतो. या धक्क्याची किंमत म्हणजे काही मिनिटं, दोन जास्तीची इंजिनं, त्यांच्यावरची माणसं, आणि रिकामी इंजिनं परत खाली आणायचा खर्च. दर गाडीमागे ही किंमत भरायची. इंजिनं कमी पडली म्हणून ती भरणं थांबवायचं नाही, गाड्या कमी करायच्या. मोदानला नेमकं याच्या उलट झालं. इंजिनं कमी पडली, गाड्या तेवढ्याच राहिल्या.

आणि दुसरा पर्याय, गाडी तोडण्याचा. त्याचा हिशेब मी करून बघितला, तो मांडून थांबतो. ५२६ टनांना १४४ ने भागलं तर चार फेऱ्या येतात. दोन केल्या असत्या तरी प्रत्येकीत मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट वजन पडलं असतं, म्हणजे चारच. उतरायला ताशी ४० च्या आत अर्धा तास. खाली डबे सोडायचे, मोकळं इंजिन परत वर आणायचं, पुढचे डबे जोडायचे, लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मिळवायची. एका फेरीला दीड तास धरू. पहिली फेरी अकराला निघाली असती, दुसरी साडेबाराला, तिसरी दोनला, चौथी साडेतीनला. मार्गावरची गर्दी लक्षात घेऊन त्यात आणखी दोन-तीन तासांची खोटी धरली तरी उजाडायच्या सुमारास शेवटचे डबे सँ मिशेलला लागले असते.

सकाळची हजेरी त्याच फलाटावर झाली असती. सुमारे एक हजार.